पाठीवरचं उघडं झाकण

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे. भाजीची नव्हे हो, आभाळातली! इंधन वाहून नेणाऱ्या मोठ्या विमानाच्या मागे लांबलचक नळी सोडतात. तिच्या टोकाला मी असायची, धातूच्या काड्यांची, कापडी काठाची. मागून लढाऊ विमान यायचं, नाकाजवळची आपली ताठ सोंड माझ्यात खुपसायचं आणि उडता उडता पोटभर पिऊन जायचं. "टोकरी बडी शरीफ है!" असं एखादा वैमानिक म्हणाला, की मी फुलून जायची.

शेपटाकडच्या खिडकीतून माझ्यावर नजर ठेवायचे उल्हासकाका. कीर्तनाचे भारी वेडे. काम चालू असतानाही त्यांची बोटं मांडीवर ठेका धरायची.

एकदा मे महिन्यात परदेशी लढाऊ विमानं सरावाला आली होती. दुपारी दिल्लीवर अशी आंधी उठली, की धावपट्ट्या बंद. एक पाहुणं विमान वरच अडकलं. इंधन कमी, म्हणून ते जयपूरकडे वळत होतं.

"मॅडम, त्याला इकडेच बोलवा ना," काका म्हणाले. "टाक्या भरलेल्या आहेत. दारचा पाहुणा उपाशी धाडायचा का?"

"बिल्कुल नाही!" आमच्या कप्तान अलकनंदा म्हणाल्या आणि त्यांनी रेडिओवर आग्रहाचं बोलावणं केलं. बोलावलंय म्हणजे आपली सोय असणार, असं समजून बिचारा जयपूरची वाट सोडून आमच्याकडे आला.

मी ऐटीत बाहेर निघाले. तो जवळ आला. पाहते तर नाक गुळगुळीत, सोंडच नाही! मग त्याच्या पाठीवरचं एक चिमुकलं झाकण उघडलं. त्याच्या देशात इंधनाचं विमान वरून ताठ दांडा खाली करतं आणि त्या झाकणाखालच्या भोकात बसवतं. आमच्याकडे दांडा कुठला? आमच्याकडे मी.

"थँक यू, मॅम," तो हळूच म्हणाला. "पण मी पिऊ कुठून?"

काकांची बोटं थांबली. माझ्यामागे टाक्या काठोकाठ, आणि मला थेंब देता येईना. वाऱ्यात नुसती हलत राहिले. कुणीतरी मला पटकन आत ओढून घ्यावं, असं झालं.

"चूक माझी," मॅडम त्याला म्हणाल्या. "जयपूर गाठ. आत्ता, सरळ."

झाकण मिटलं. तो गेला. तो उतरल्याचा निरोप येईपर्यंत आमच्या विमानात कुणी पाणीसुद्धा प्यायलं नाही. इंधन संपून त्याचं इंजिन धावपट्टीवरच बंद पडलं होतं. आणि वर त्यानेच आमचे आभार मानले होते. तेच जास्त बोचलं.

आता माझ्या काड्या वाकल्यात. दिल्लीतल्या एका प्रशिक्षणाच्या खोलीत कोपऱ्यात पडून असते. पोरं माझ्यात चहाचे रिकामे कप टाकतात. निवृत्त उल्हासकाका मयूर विहारहून मेट्रोने शिकवायला येतात आणि आधी ते कप काढतात. "अरे यार, ये डस्टबिन नहीं है!"

मग विचारतात, "कुठलं विमान कशाने पितं?"

परवा एकजण हसला. "सर, इतना तो सबको पता है."

काकांनी माझ्या काठावर हात ठेवला. "मुझे भी पता था, बेटा. बस, उससे पूछा नहीं."

मित्रांनो, माझ्यात कप टाका हवं तर. पण कुणी तहानलेला दिसला, तर त्याला बोलावण्याआधी एवढं विचारा: बाबा रे, तू पितोस कसा?