तीन जिन्नसांचं गुपित

चष्म्याच्या काचा घासून, फ्रेममध्ये बसवून देणाऱ्या त्या कारखान्यात नंबरताईंची सुगरण म्हणून ख्याती होती, आणि ती सगळी ख्याती एका रोलवर उभी होती. बिस्किटं, कोको आणि कंडेन्स्ड मिल्कचा डबा, एवढेच तीन जिन्नस. बिस्किटं कुटायची, त्यात कोको मिसळायचा, दुधाने मळायचं, कागदात वळकटी गुंडाळायची आणि फ्रीजमध्ये टाकून विसरून जायचं. गॅस पेटवायचा नाही ही त्यातली खरी खुबी, कारण ताईंनी गॅस पेटवला की काहीतरी करपायचंच. घरी स्वयंपाक नवरा करायचा. "आईच्या हातचं म्हणजे फ्रीजच्या हातचं," असं लेक म्हणायची. ताई तिला दटावायच्या, पण त्यात जोर नसायचा.

कारखान्यात हे कुणाला ठाऊक नव्हतं. तयार झालेला प्रत्येक चष्मा शेवटी ताईंच्या टेबलावर यायचा, त्या यंत्राला डोळा लावून काचेचा नंबर तपासायच्या, म्हणून त्या नंबरताई. आणि समोरच्याचा डोळा यंत्राला लागलेला असला की माणसाला मन मोकळं करणं सोपं जातं. त्यामुळे चष्म्यांबरोबर माणसांची दुखणीही त्याच टेबलावर यायची. ताईंचं मन लोण्यासारखं, पण उपाय म्हणाल तर एकाही दुखण्यावर त्यांच्याकडे नव्हता. मग त्या आवाज खाली आणून म्हणायच्या, "हे बघ, फक्त तुला म्हणून सांगते. आणखी कुणाला सांगितलेलं नाही." आणि रोल सांगून मोकळ्या व्हायच्या.

काउंटरवरच्या वहिनींची सासू राहायला आली आणि प्रत्येक घासाला नाक मुरडू लागली, तेव्हा वहिनींना रोल मिळाला. फ्रेम जोडणाऱ्या स्क्रूवाल्याच्या घरी मेव्हणा सहकुटुंब येऊन धडकला, तेव्हा त्याला मिळाला. पॅकिंगच्या बायकांना तर एकेक करून सगळ्यांनाच मिळाला. बिचाऱ्यांनी गुपित इतकं कडेकोट जपलं की शेजारीशेजारी बसून एकीचा दुसरीला पत्ता नव्हता.

पण ताईंना खरी टोचणी होती ती काचभाऊंची. भाऊ घासायच्या चाकावर बसायचे. बायको गेल्यापासून दिवसभरात जेमतेम चार वाक्यं बोलायचे, त्यातली दोन चाकाला उद्देशून असायची. एका दुपारी ते ताईंच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "लेक सुट्टीला येते, जेवते, जाते. आमच्यात बोलायला काही नसतं." ताईंना गलबलून आलं. त्यांनी रोल सांगितला, आणि वर म्हणाल्या, "बिस्किटं दोघं मिळून कुटा." पुढच्या सोमवारी भाऊ आले. "लेक एक दिवस जास्त राहिली," म्हणाले. त्यानंतर ते रोज सकाळी ताईंना मान लववून नमस्कार करू लागले. हा माणूस समजतोय की जगात ही गोष्ट त्याला एकट्यालाच दिली आहे, हे ताईंना त्या प्रत्येक नमस्काराला आठवायचं आणि सकाळचा चहा कडू लागायचा.

कारखान्याचा वर्धापनदिन आला. त्या दिवशी सगळ्यांनी घरून एकेक पदार्थ आणायचा, डबे झाकून मांडायचे, मालकांनी टाळी वाजवली की झाकणं एकदम उघडायची आणि कुठला डबा कुणाचा ते ओळखायचं, असा तिथला रिवाज होता. कोण काय आणणार हे आधी बोलायचं नाही, असा मालकांचा दंडक. दरवर्षी ताई आपला रोल नेऊन निभावून न्यायच्या. यंदा मात्र आठवडाभर आधी वहिनी ताईंच्या कानाशी लागल्या, "ताई, यंदा तुमचाच रोल करणार आहे. बोलू नका हं कुठे."

मग स्क्रूवाला आला. मग पॅकिंगच्या बायका, एक पाणी प्यायला उठली की दुसरी. ताईंचं धाबं दणाणलं. एकीला सांगावं की दुसरी तेच आणतेय, तर आपलंच बिंग फुटणार. त्यांनी उकाड्याचं निमित्त काढलं, रोल वितळेल म्हणाल्या. स्क्रूवाला म्हणाला, बर्फात घालून आणतो. त्यांनी गोड कुणी खात नाही म्हणून पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "असं कसं? तुमच्या हातचं सगळे चाटूनपुसून खातात." शेवटी काचभाऊ आले आणि नुसते हसले. ताईंना काय ते कळलं, आणि त्या दिवशी त्यांनी एका चष्म्याचा नंबर दोनदा चुकीचा वाचला.

आपण तरी दुसरं काही न्यावं म्हणून त्यांनी घरी बटाटे उकडायला ठेवले. उकडलेला बटाटा करपवून दाखवणं सोपं नाही, पण ताईंनी ते केलं. नवरा म्हणाला, "मी करून देतो काहीतरी."

"तुमच्या हातचं माझं म्हणून नेऊ? इतकी खोटारडी नाही मी."

नवऱ्याने करपलेलं पातेलं घासायला घेतलं. ताईंनी बेकरीतून पाव आणला, सोबत लोणी घेतलं आणि डबा झाकला.

मालकांनी टाळी वाजवली. झाकणं उघडली. लांबलचक टेबलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रोलच रोल. तपकिरी, गोल, एका मापाचे. कडेला ताईंचा पाव.

"कुणाचा कुठला ते ओळखायचंय ना?" मालक म्हणाले. त्यांना मधुमेह होता. ते सरळ पावाकडे वळले.

वहिनींनी ताईंकडे पाहिलं. "मला म्हणाला होतात, फक्त तुला सांगते."

"मलाही तेच," स्क्रूवाला म्हणाला.

"आणि मला," पॅकिंगकडून एकापाठोपाठ एक आवाज आले. मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा कारखाना पोट धरून हसायला लागला. ताईंनाही हायसं वाटलं. तेवढ्यात त्यांना दिसलं, काचभाऊंनी आपल्या डब्याला झाकण लावलं आणि डबा घेऊन ते आपल्या चाकापाशी जाऊन बसले.

ताई मागोमाग गेल्या. भाऊंनी वर पाहिलं नाही.

"मलाच सांगितलंय म्हणालात," ते म्हणाले. "मी लेकीलाही तसंच सांगितलं."

"खोटं बोलले मी," ताई म्हणाल्या. "तुम्ही तेव्हा इतके एकटे दिसत होता, आणि माझ्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं. स्वयंपाकातलं मला एवढंच येतं, भाऊ."

"एवढंच?"

"एवढंच. तो पावही बेकरीतला आहे."

भाऊंनी डबा उघडला, काचेच्या कडा पुसायचं फडकं बाजूला सारलं, रोलची एक चकती कापली आणि ताईंपुढे धरली. ताईंनी घास घेतला. ही चव त्यांच्या रोलची नव्हती. गोड होतं, पण गोडाच्या मागे काहीतरी होतं, ज्याने दुसरा घास घ्यावासा वाटत होता.

भाऊंनी आजूबाजूला पाहिलं. "मीठ," ते हळूच म्हणाले. "आणखी गोड व्हावं म्हणून साखर घालायला गेली, आणि लेकीच्या हातून चिमूटभर हेच पडलं. आम्ही दोघं हसलो आणि तसंच ठेवलं. कुणाला बोलू नका."

डबा टेबलावर परत गेला, आणि खाणाऱ्यांना फरक कळायला वेळ लागला नाही. बाकीचे रोल तसेच राहिले, भाऊंचा संपत आला.

"यात काय घातलंय वेगळं?" वहिनींनी विचारलं. "ताई, तुम्हाला नक्की माहीत असणार. सांगा ना, फक्त मला."

सगळ्यांच्या माना ताईंकडे वळल्या. भाऊंनी नजर खाली घातली. ताईंच्या ओठांवर शब्द येऊन उभा राहिला होता. इतक्या माणसांना खूश करायची संधी त्यांनी आजवर कधी सोडली नव्हती.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "तेच तीन." आणि पुढे काही निसटू नये म्हणून त्यांनी पावाचा एक मोठा तुकडा तोंडात कोंबला.