डावी दोरी

विमानाचं दार उघडताच वारा आत घुसला आणि राजनंदिनीच्या तोंडावर सणसणीत आदळला. तिने डावा पाय कडेवर टेकवला. मांडीतल्या सळईपाशी कळ उठली.

"सळईचं वजन धरलंय का गं?" दाराशी बसलेला आदिनाथ तिच्या कानाशी ओरडला.

ती हसली नाही. तिने स्वतःला बाहेर झोकून दिलं.

बेलापूरचे उसाचे फड अंगावर धावून आले. वाऱ्याने गाल ओरबाडले. छत्री उघडली तेव्हा पट्ट्यांनी जांघेत असा हिसका दिला, की गेल्या वर्षीचा तो आवाज तिला पुन्हा ऐकू आला. वाळलेली तुराटी गुडघ्यावर मोडावी तसा. मांडीच्या हाडाचे तीन तुकडे झाले होते.

छातीवरची वॉकीटॉकी खरखरली. खाली कानिफनाथकाका उभे होते. भिंगारचे, पलटणीतून निवृत्त झालेले. छत्री कशी वळवायची ते जमिनीवरून तेच सांगत. गेल्या वर्षी डाव्या वळणावर तिने ऐकलं, 'ओढ'. काकांच्या बोलीत 'ओड'. तिने वळणाची डावी दोरी आणखी ओढली आणि छत्रीने तिला नांगरटीत आपटलं. शुद्धीवर येताच तिने तसं सांगितलं. काकांनी तिच्या वडिलांपुढे शपथ घेतली, "म्या सोड म्हनलो हुतो." दोघांतलं एक खोटं, आणि खोटी ती ठरली. आज काकांचं ऐकून नीट उतरली नाही, तर तिची उडी कायमची बंद होती.

शंभर फूट. डावी दोरी हातात ताणलेली. तेवढ्यात वावटळीने छत्रीला कडेने ढुसणी दिली आणि जमीन तिरपी झाली.

"ओड," वॉकीटॉकी म्हणाली. "ओड."

या वेळी तिने ते मानलं नाही. दात आवळले आणि दोन्ही हात वर सोडून दिले. छत्री सावरली. ती खांद्यावर आपटली, फरफटली, तोंडात माती आणि रक्त आलं. पाय मात्र शाबूत राहिला.

काका धावत आले.

"आस्सं. आज सोड म्हनलो अन् सोडलंस. त्या दिशी न्हाई ऐकलंस पोरी."

ती थुंकली. त्यांच्या हातातल्या यंत्राकडे पाहत राहिली. मग छातीवरची वॉकीटॉकी काढून लंगडत तीस पावलं लांब गेली आणि आवाज पूर्ण वाढवून ती त्यांच्याकडे धरली.

"काका, मगाशी यावर म्हणालात तसंच म्हणा. तेवढ्याच घाईत."

त्यांचे ओठ आधी हलले. जाडजूड अंगठा बटणावर मागाहून दाबला गेला.

वाऱ्यावरून 'सोड' आलं. तिच्या हातातून 'ओड'.

काकांनी पुन्हा म्हणून पाहिलं. मग आणखी एकदा, हळू आवाजात. त्यानंतर ते तिच्या डाव्या मांडीकडे बघत उभे राहिले, अंगठा तसाच बटणावर.