अप्पांची गैरहजेरी

धाकटीने चौथा कागद चुरगळून टोपलीत टाकला. दादाने पेपरातून मान वर केली.

"अगं, अप्पांची शोकसभा आहे, परीक्षा नाही. बावीस वर्षं लष्करात ट्रक चालवला, मग पंचवीस वर्षं शाळेची बस. एक्क्याण्णव वर्षांत कुणाचं वाईट चिंतलं नाही. झालं!"

"मग तूच बोल ना."

"मी? माइक बघितला की माझी बोबडी वळते."

दादाचं काही खोटं नव्हतं. मुलांच्या गणवेशांना इस्त्री अप्पांची, आई आजारी होती ती दोन वर्षं स्वयंपाकही त्यांचाच. अडत होतं ते एकाच ठिकाणी. धाकटीच्या वाढदिवसाला अप्पा कधी म्हणजे कधी घरी नसत. सकाळीच निघायचे, तिन्हीसांजेला परतायचे. विचारलं की म्हणायचे, "काम होतं." लग्नानंतर तिने त्या दिवशी फोन केला तरी बाहेरच. दादाच्या वाढदिवसाला मात्र हजर! मुलगी झाली म्हणून अप्पा हिरमुसले असणार, हे तिने आठव्या वर्षीच मनाशी पक्कं केलं होतं. त्रेपन्नाव्या वर्षीही ते खुपत होतं. चारचौघांत 'प्रेमळ वडील' म्हणायला जीभ रेटेना.

घंटा वाजली. दारात सत्तरीची एक अनोळखी बाई उभी होती.

"अप्पा गेल्याचं काल कळलं," ती म्हणाली. मग धाकटीकडे निरखून बघत, "तूच ना धाकटी? काढलीस का दाढ शेवटी?"

धाकटीचा हात गालावर गेला. दाढेचं दुखणं घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

बाई बसल्या, पाणी प्यायल्या.

"लढाई चालू होती. तुझ्या आईचं बाळंतपण अवघडलं म्हणून अप्पांना रजा मिळाली. त्यांचा ट्रक माझ्या भावाने नेला. तू झालीस, त्याच दिवशी तो ट्रक सुरुंगावर गेला."

दादाने पेपर खाली ठेवला.

"वर्षाने त्याच तारखेला अप्पा आमच्या दारात. मान खाली घालून उभे. माझ्या आईनेच विचारलं, 'मुलगी कशी आहे?' म्हणाली, 'माझा लेक गेला, म्हणून तिला बाप राहिला. ती कशी वाढतेय ते दर वर्षी येऊन मला सांगायचं.' मग काय! तुझा पहिला दात, सातवीतलं गणित, तुझं लग्न. दिवसभर तुझंच पुराण. आई गेल्यावर मी ऐकायचे. गेल्या वर्षी तर काठी टेकत आले."

"आम्हाला का नाही सांगितलं?" दादाने विचारलं. धाकटीच्या डोळ्यांना धार लागली होती.

"मी म्हटलं होतं एकदा. तर म्हणाले, वाढदिवसाला पोरीने केक कापावा, कुणाचं मरण कशाला आठवावं?"

जरा वेळाने बाई उठू लागल्या. धाकटीने त्यांचा हात धरला.

"मावशी, पुढच्या महिन्यात मी येईन. त्याच तारखेला. पण सांगू काय? माझं तर सगळं सांगून झालंय."

"तुझं पाठच आहे गं मला," बाई हसल्या. "त्यांचं सांग. पन्नास वर्षांत स्वतःबद्दल अवाक्षर काढलं नाही त्यांनी. घरी कसे होते?"

धाकटीने त्यांना पुन्हा खाली बसवलं. डोळे पुसले.

"माझे फार लाड करायचे," ती म्हणाली.