होडीतली झोप

होडी किनाऱ्याला लागली तेव्हा लिबोरियोने बायकोला हाक मारली, आणि ती उठली नाही. ओल्या जाळ्यावर डोकं टेकून प्रिमितिवा निजल्यासारखीच होती. तिचा हात उचलला तो तसाच खाली पडला, तेव्हा त्याला कळलं.

जाळ्यात अडकणाऱ्या चट्ट्यापट्ट्यांच्या शंखात विषारी गोगलगाय असते, तो अंगाजवळ ठेवायचा नाही, हे पांगलाओ बेटावर सगळ्यांना ठाऊक असतं. प्रिमितिवाने तीस वर्षं तो सोडवला की सरळ बादलीत टाकला. त्या सकाळी बादली गच्च भरली होती, आणि ते विकत घेणाऱ्या सेबू शहरातल्या प्रयोगशाळेला शंख जिवंत लागतात. म्हणून जाळ्यातून सोडवलेला शेवटचा शंख तिने झग्याच्या ओच्यात धरला. थोड्या वेळाने म्हणाली, मांडीला काहीतरी टोचलं. मग म्हणाली, डोळे मिटतायत.

"नाच अजून जत्रेत रात्रभर," तो म्हणाला. "नीज आता. जाळं मी ओढतो."

तासभर तो तिच्याकडे पाठ करून जाळं ओढत राहिला.

नऊ दिवस शेजारणी प्रार्थनेला येत होत्या, तोवर घरात आवाज होता. दहाव्या दिवशी त्याने भात लावला. तो दोघांपुरता झाला.

महिन्याभराने प्रयोगशाळेतल्या डॉक्टर आमान्सेक आल्या. प्रिमितिवाकडून त्या बरीच वर्षं शंख नेत. त्याने त्यांच्या हातात कॉफीचा कप दिला.

"तिला दुखलं का हो?" त्याने विचारलं.

"नाही काका. मज्जातंतूंना बारीक दारं असतात. ती उघडली की निरोप पुढे जातो. हे विष ती दारं बंद करतं, मग दुखण्याचाही निरोप जात नाही. आम्ही त्यातूनच दुखण्यावरचं औषध शोधतोय."

"आणि श्वास?"

"त्याचाही निरोप जात नाही."

त्याने मान हलवली. पलीकडच्या बेटावर एकाला असाच शंख टोचला होता. विष उतरेपर्यंत भावांनी पाळीपाळीने त्याच्या तोंडात हवा फुंकली आणि तो जगला, असं बंदरावर कुणीतरी म्हणालं होतं. ते खरं असेल का, हे यांना नक्की माहीत असणार.

डॉक्टर त्याच्याकडे बघत थांबल्या होत्या. त्याने आणखी कॉफी हवी का, एवढंच विचारलं.

त्या आता दर महिन्याला येतात. ते विचारायचं अजून राहिलंय.