एक पेर पाण्याचं झाकण

मी एक जुनं झाकण आहे आणि मित्रांनो, शेवटी पक्ष्यांच्या आंघोळीसाठी माझीच निवड झाली. पण ते सोडा. तसं काही झालेलंच नाही असं समजा. मी कचऱ्याच्या डब्याचं पत्र्याचं झाकण आहे आणि कचऱ्याच्या डब्यावरच बसलोय. पुढे ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कारागिराने मला यंत्राखालून काढलं, उजेडाकडे धरलं आणि शेजारच्याला म्हणाला, "हे उथळ आलंय." माझ्याआधीची सगळी झाकणं घुमटासारखी फुगीर होती. मी साधारण ताटासारखा. शेजारचा म्हणाला, "असू दे, कचऱ्याला काय कळतंय." एवढ्यावर माझं कौतुक आटोपलं आणि मी नोकरीला लागलो.

माझा काठ आखूड, त्यामुळे डब्यावर मी घट्ट बसत नसे. जरा वारा सुटला की मी अंगणात. घरात माणसं दोनच. पोहायला शिकवून निवृत्त झालेल्या बाई आणि घड्याळं दुरुस्त करणारा त्यांचा धाकटा भाऊ. "उथळ झाकण पुन्हा पळालं," असं म्हणत भाऊ मला दोन बोटांत धरून परत आणी. अकरा वर्षं हेच चाललं.

बाईंनी तीस वर्षांत एकाही मुलाला बुडू दिलं नव्हतं. हे त्या रोज एकदा कुणाला तरी सांगत. कुणी नसलं तर मला सांगत. त्यांच्या गळ्यातली शिट्टी निवृत्तीनंतरही उतरली नव्हती. दूधवाला फाटकातून पळत आला, तरी ती वाजे.

मग दोघांनी बाग पक्ष्यांसाठी मोकळी सोडायचं ठरवलं. फवारणी बंद केली, एक कोपरा हवा तसा वाढू दिला. फक्त पाण्याचं भांडं राहिलं. माझ्या शेजारच्या पायरीवर बसून ते दुकानाचं चित्रांचं पुस्तक चाळू लागले.

"ताई, हे मातीचं बघ. पसरट आहे, बरं दिसतंय."

"उथळ आहे."

"अगं, चिमणीला आंघोळ करायचीय. स्पर्धेत नाही उतरायचं."

"उथळ पाण्यात सूर मारला की मान मोडते. मला नको शिकवूस."

"चिमणी सूर मारते?"

"तिला अजून कुणी शिकवलं नसेल."

भावाने पान उलटलं. मी तोंड बंद ठेवलं, माझं कामच ते आहे.

चार दिवसांनी पांढऱ्या दगडाचं, आरशासारखं गुळगुळीत, वीतभर खोल भांडं आलं. बाईंनी त्याच्या काठावर निळ्या रंगाने लिहिलं, 'खोल बाजू'. समोरच्या काठावरही 'खोल बाजू'. खाली बारीक अक्षरात, 'धावू नये'.

आठ दिवस कुणी फिरकलं नाही. एक कावळा आला, काठावर बसून त्याने सूचना वाचल्यासारखं केलं आणि निघून गेला.

नवव्या दिवशी दुपारी एक चिमणी आली. पाणी प्यायला वाकली आणि घसरली. मित्रांनो, हे मी चार हातांवरून पाहिलं. ती काठाकडे यायची, नखं सुटायची, पुन्हा आत. पंख भिजून जड झाले. मी ओरडलो असतो, पण तोंड बंद ठेवण्यापलीकडे झाकणाला काही शिकवलेलं नसतं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाईंनी पाहिलं. त्या पिठाची चाळणी घेऊन अनवाणी धावल्या. हो, धावल्या. चाळणीने त्यांनी तिला बाहेर काढलं. ओल्या बोळ्याएवढी चिमणी, हलत नव्हती.

"केस वाळवायचं मशीन आणू?" भाऊ म्हणाला.

"काही नको. खोकं आण."

खोकं घड्याळाचं होतं. त्यावर छापलं होतं, 'धक्का लागू देऊ नये'. सगळ्यांना लागून झाला होता.

तासाभराने आत खरखर झाली आणि चिमणी उडाली. शेपटीचं एक पीस खोक्यातच राहिलं. बाईंनी गळ्यातली शिट्टी काढून खिळ्याला टांगली.

"तीस वर्षं," त्या म्हणाल्या.

"ताई, उडाली ना ती."

"मी बुडवली होती."

त्यांनी भांडं रिकामं केलं. पुढचे दोन दिवस त्या बागेच्या बाजूला फिरकल्याच नाहीत. दूधवाला सर्रास पळत येऊ लागला.

तिसऱ्या दिवशी वारा सुटला आणि मी नेहमीप्रमाणे पळालो. पण या वेळी पडलो तो उताणा, बागेच्या गळक्या नळाखाली. जन्मभर माझ्या आतल्या बाजूने फक्त कचरा पाहिला होता. तिथे एकदम आभाळ. सकाळपर्यंत माझ्यात एक पेर पाणी साचलं.

आणि ती आली. शेपटीचं पीस नसलेली, तीच. माझ्या उतारावरून, माझ्या गंजावर नखं रोवत चालत आत आली. पाणी तिच्या पोटापर्यंत. तिने असे काही पंख झाडले की मी हादरलो. मागोमाग आणखी चौघी. आजवर माझ्याकडे जो आला तो नाक धरून आला होता.

"हे झाकण पुन्हा—" दारातून भाऊ म्हणाला.

"हळू," बाई म्हणाल्या.

चिमण्या गेल्यावर त्यांनी माझ्यात बोट बुडवलं. "एक पेर. उतरता काठ. खडबडीत." मग त्यांनी ओलं बोट पदराला पुसलं. "काय छान उथळ आहे रे हे."

मित्रांनो, तोच शब्द. मी अजून सावरलेलो नाही.

भावाने विटांचं कडं रचून माझी मूठ त्यात बसवली, म्हणजे मी डुलणार नाही. मांजराला दबा धरता येईल अशा झुडपापासून लांब, पण पंख वाळवायला फांदी जवळ. मध्ये एक दगड. बाई रोज सकाळी शिळं पाणी ओततात, साबण न लावता ब्रशने मला घासतात, नवं पाणी भरतात. शिट्टी पुन्हा गळ्यात आहे. मांजर दिसलं की वाजते. पांढरं भांडं आता डब्यावर उपडं बसलंय. केळीचं साल टाकायला दोन माणसं लागतात.

सुरुवातीला मी डब्यावर बसलोय म्हणालो ते खोटं होतं. खरं सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही असं वाटलं, कारण माझाच बसत नव्हता. तुम्ही भांडं निवडाल तेव्हा आधी घरातली टाकाऊ झाकणं उताणी करून पाहा. आणि पाणी रोज बदला, ते विसरू नका.

प्रति, मा. शब्दकोश विभाग. विषय : 'उथळ' या शब्दाबाबत. अर्जदार हे झाकण असून अकरा वर्षे सेवेत आहे. तरी सदर शब्दाचा अपमानास्पद अर्थ अर्जदाराच्या जन्मतारखेपासून पूर्वलक्षी प्रभावाने रद्द करण्यात यावा व तसे संबंधित कारागीर, भाऊ आणि वारा यांना लेखी कळवण्यात यावे, ही नम्र विनंती.

सोबत : पाणी, एक पेर.