शेवटची आठ घरं

मित्रांनो, मी एक जुना, भोकंभोकांचा पुठ्ठा आहे. मधोमध दुमडलेला, पाठीवर भाजीची यादी असलेला. हसू नका! लोक मला पंच-कार्ड म्हणत.

पंचाहत्तर साली नागपूरच्या एका कचेरीत माझा जन्म झाला. तेव्हाच्या कॉम्प्युटरला फक्त भोकं कळत. एका कार्डावर एक ओळ, शेकडो कार्डांचा गठ्ठा म्हणजे एक काम. माझा गठ्ठा शाळेच्या परीक्षेच्या निकालाचा. प्रात्यक्षिकाचे गुण बेरजेत मिळवायची ओळ माझ्या अंगावर होती.

मला टोचलं, म्हणजे माझ्यावर भोकं पाडली, गोपिकाबाईंनी. काटोलहून रोज एसटीने येत, नोकरी कच्ची. माझ्यावर भोकांसाठी ऐंशी घरं, म्हणजे उभे रकाने. शेवटच्या आठांकडे कॉम्प्युटर ढुंकूनही बघत नसे. नेमकं तिथेच बाई गठ्ठ्याचं नाव आणि कार्डाचा क्रमांक टोचत: निकाल, ४१७. कार्डं टोचणाऱ्या बाकीच्या बायका ती घरं कोरी सोडून भराभर पुढे जात.

मधुकरराव साहेब वैतागले. "मशीन ते वाचतच नाही, बाई! काहून टाइम खराब करून राहिल्या? असंच चाललं तर पहिल्या तारखेपासून येऊ नका."

"मशीनले नाही लागत, साहेब. माणसाले लागते." बाईंनी पुढच्या कार्डाचीही आठ घरं टोचली.

निकालाच्या आदल्या दिवशी रामाजी शिपाई तीन गठ्ठे घेऊन येताना अडखळला. झालं! फरशीभर कार्डंच कार्डं. साहेबांनी डोक्याला हात लावला. बाई मात्र खाली बसल्या आणि एकेकाची शेवटची आठ घरं वाचू लागल्या. संध्याकाळपर्यंत निकालाचा गठ्ठा क्रमाने लागला.

"चारशे सतरा नाही सापडून राहिलं, साहेब."

सापडणार कसा? सकाळीच मी गठ्ठ्यातून निसटलो होतो, आणि रद्दी समजून साहेबांनी माझ्या पाठीवर 'वांगी, आंबाडी, सांबार' (आमच्याकडची कोथिंबीर) लिहून मला दुमडून खिशात घातलं होतं! रामाजी अडखळला नसता, तर प्रात्यक्षिकाचे गुण मिळवलेच गेले नसते, पास झालेली पोरं नापास ठरली असती आणि कॉम्प्युटरने हूं की चूं केलं नसतं.

साहेबांनी खिशात हात घातला. त्यांचा चेहरा उतरला. "बाई, हेच का?"

"हेच."

दुमडलेलं कार्ड यंत्रात अडकतं. बाईंनी माझ्यावरून नवं कार्ड टोचलं, तेच माझ्या जागी गेलं. निकाल बरोबर लागला. पहिल्या तारखेला बाई कामावर आल्या, आणि साहेबांनी सगळ्यांनाच ती आठ घरं भरायला लावली. मला मात्र गठ्ठ्यात परत जाता आलं नाही. वाईट वाटलंच.

आता मी काटोलला, बाईंच्या पत्र्याच्या डब्यात असतो. मित्रांनो, एखादी सुटी वस्तू हाती आली, तर फेकण्याआधी ती कुठली, ते एकदा बघा. माझा गठ्ठा केव्हाच रद्दीत गेला. पण बाई अधूनमधून मला काढतात, भाजीची यादी बघून हसतात, आणि शेवटची आठ घरं वाचून पुन्हा नीट ठेवतात.