पापी कपाळाची काच

माझ्या लेकीचं, पारूचं लग्न झालं ते १९८४ साली, मार्गशीर्षात. मांडव सुटला त्याच हप्त्यात शेजारच्या पुतळाबाईच्या अंगणात सगळं देवगाव रंगारी गाव लोटलं. तिच्या चार शेळ्या एका दुपारी तडफडून मेल्या होत्या. घरात कोणाची नजर वाईट, ते सांगायला काचवाले बुवा आले होते. जिची नजर वाईट निघेल तिनं कायमचं माहेरी जायचं, असं पुतळाबाईनं आधीच ठणकावलं होतं.

बुवांनी कफनीतून काच काढली. "हिमालयातली हाय! पाण्यावानी नितळ. पर पापी कपाळाला लागली की काळी पडती!"

ओसरीवर बसलेल्या पुतळाबाईच्या कपाळाला काच लावली. नितळ. तिच्या लेकाच्या, भिकनच्या कपाळाला लावली. नितळ. मग बुवा अंगणात उतरले. नवी सून बानाबाई वडीलधाऱ्यांसमोर ओसरीवर कशी बसणार? ती रिवाजाप्रमाणे खाली, भर उन्हात उभी होती. बुवांनी तिच्या कपाळाला काच लावली. मंत्र संपेपर्यंत ती काळी झाली!

"म्या काय बी केलं नाय, आत्याबाई!" बानाबाई रडायला लागली. भिकननं मान खाली घातली.

तेवढ्यात बद्रीनाथ मास्तर पुढं आले. मला उतारवयात अक्षरं शिकवली ती यांनीच. त्यांनी बुवांच्या हातून काच घेतली आणि खिशात टाकली. "आधी चहा होऊ द्या."

चहा झाल्यावर काढली, तर पुन्हा नितळ.

"पाप खिशात सांडलं वाटतं," मास्तर म्हणाले. "बानाबाई, तू ओसरीवर बस. पुतळाबाई, तुम्ही उन्हात या."

"देवाच्या कामात खोडा घालू नका!" बुवा कडाडले.

"का? देवाला ऊन लागतं व्हय?"

पुतळाबाई ठसक्यात उतरली. "मला कशाचं भ्याव?"

बानाबाईच्या कपाळावर काच नितळ राहिली. पुतळाबाईच्या कपाळावर काळी पडली.

"अगं बया!" जमलेल्या बायका ओरडल्या.

"आता बुवांचं कपाळ!" मी ओरडलो. गर्दीतल्या दोघांनी बुवांना धरून उन्हात उभं केलं. काच काळी कुट्ट!

"बुवा, तुमी किती शेळ्या खाल्ल्या?" मागून कोणीतरी विचारलं. बुवा काच तिथंच टाकून निघाले.

मास्तरांनी मग समजावलं. असली काच शहरात, औरंगपुऱ्यातल्या चष्म्याच्या दुकानात मिळते. ती ओततानाच तिच्यात चांदीच्या क्षाराचे बारीक कण आणि किंचित तांबं घालतात. ऊन लागलं की चांदीचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, तांब्याकडून इलेक्ट्रॉन घेऊन धातूची चांदी बनतात, एका जागी गोळा होतात आणि काच काळवंडते. सावलीत ते पुन्हा आयन होऊन पांगतात. शेळ्यांचं कारणही जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं: कोवळी ज्वारी खाल्ली, ती बाधली.

काचेला फक्त ऊन कळत होतं. बुवाला फार युक्तीही करावी लागली नाही. सुनेला उन्हात आम्हीच उभं केलं होतं. म्हणून सांगतो, कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी जागा बदलून बघा.

पुढं पुतळाबाई सुनेला ओसरीवर आपल्या शेजारी बसवायची. पुतळाबाई १९९७ साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वारली.